काचेबाहेरचा माणूस

पानिपत म्हटलं की आपल्याला 1761 आठवतं. पानिपतकरांचं रोजचं जगणं मात्र जीटी रोडला बांधलेलं आहे. आजचा राष्ट्रीय महामार्ग 44. शहरावरून उड्डाणमार्ग जातो. वर गाड्या सुसाट, खाली ई-रिक्षा, हातगाड्या आणि हातमाग-ब्लँकेटच्या कारखान्यांतून सुटलेले सायकलवाले कामगार. दोन कोटींची स्पोर्ट्‌स कार या शहरात कशी नांदते, हे समजून घ्यायचं तर वर आणि खाली दोन्हीकडे बघावं लागतं.

मालकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गाडीचं पोट गतिरोधकाला घासतं. टायर महाग. सर्व्हिसिंगला मोठ्या शहरात न्यावी लागते. 100 ऑक्टेनचं पेट्रोल सगळीकडे मिळत नाही. पानिपतला इंडियन ऑइलची प्रचंड रिफायनरी आहे, पण 2020 च्या डिसेंबरमध्ये हे पेट्रोल ज्या दहा शहरांत आधी आलं, त्यांत पानिपत नव्हतं.

तक्रारी खऱ्या आहेत. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आपल्याकडे रातोरात डांबराचा उंचवटा घालून मोकळे होतात. त्याने स्पोर्ट्‌स कारचा पुढचा ओठ फाटतो, तशी स्कूटरवर मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाईची कंबरही मोडते. मालकांनी त्यासाठी महानगरपालिकेत जाऊन भांडावं. त्यांचा आवाज ऐकला जातो.

पण या सगळ्या गप्पांत एक माणूस कधीच येत नाही. काचेबाहेरचा.

पोर्शे 911 सारखी गाडी चार सेकंदांच्या आसपास ताशी 100 चा वेग गाठते. चौपदरी महामार्गावर मोटारीला कायद्याने मुभा आहे तीही 100 चीच, आणि द्रुतगती मार्गावर 120 ची. म्हणजे चार सेकंदांत कायद्याची हद्द संपली. पुढचा सगळा वेग सार्वजनिक रस्त्यावर वापरायचा तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावरच वापरावा लागतो.

हिशेब सोपा आहे. ताशी 100 ला गाडी सेकंदाला 28 मीटर जाते, 160 ला 44 मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पोचायला साधारण एक सेकंद लागतो, आणि तो सेकंद जगातला कुठलाही महागडा ब्रेक वाचवू शकत नाही. 160 ला आदळण्याची ताकद 100 च्या अडीचपट असते. पौष-माघात जीटी रोडवर धुकं दाटतं, पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते. तिथे इंजिनाची ताकद काय कामाची?

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. सरकारी अहवालानुसार त्यांतले 71 टक्के मृत्यू अतिवेगाशी जोडलेले. मेलेल्यांत सर्वांत जास्त दुचाकीवाले, त्यांच्यामागे पायी चालणारे. स्पोर्ट्‌स कार या आकड्यांत नगण्य असतील. पण वेग ही मर्दुमकी आहे, ही शिकवण त्याच देतात, आणि ती साध्या गाडीत बसलेला पोरगाही उचलतो.

पुण्याने हे भोगलं आहे. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शेच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असं पोलीस म्हणाले. कोटीहून महाग गाडी, आणि 1,758 रुपयांचं नोंदणी शुल्क भरलेलं नव्हतं. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीसह. नंतर लोक खवळले, चक्रं फिरली. दोन घरं मात्र उजाड झाली ती झालीच.

वेगाची हौस वाईट नाही. उत्तम यंत्राचा आनंद मोठा असतो आणि पैसे ज्याचे, गाडी त्याची. त्या आनंदाला जागाही आहे: ग्रेटर नोएडाला 2011 पासून बुद्ध सर्किट उभं आहे, फॉर्म्युला वनच्या शर्यती जिथे झाल्या. समोरून ट्रॉली येत नाही, रस्ता ओलांडणारं पोर नाही. सर्किटवर जा, मनसोक्त पळवा.

रस्त्यावर मात्र 100 म्हणजे 100. आणि किल्ली अठराच्या आतल्या पोराच्या हाती द्यायची नाही, मग तो कितीही हट्ट करो. एवढं ज्याला जमत नाही, त्याने ती गाडी घेऊ नये.