रेडियममधला ‘भाऊ’

मोटार शर्यतींच्या ‘एफआयए’ या जागतिक संघटनेचा नियम असा : चालकाच्या अग्निरोधक सूटवर नाव भरायचं तर फक्त सगळ्यात बाहेरच्या थरावर, आणि दोराही न जळणारा. हेल्मेट रंगवायचं तर उत्पादकाच्या सूचनेबरहुकूम. भलत्या रंगानं कवच कमजोर होतं. नांदेड-लातूरच्या रेडियमवाल्याला हे सांगून बघा! ‘भाऊ’ पिवळ्यात टाकू का लाल, एवढंच तो विचारेल. जुनं स्टिकर निघेना तर थिनरचा बोळा आहेच. आयएसआयच्या खुणेवर नेमका वाघाचा जबडा बसतो. कवच आपटायची भीती म्हणा कमीच. गाडी एमएच-26 असो की एमएच-24, हेल्मेट आरशाला लटकलेलं. चौकात पोलीस दिसला की डोक्यावर. पट्टा तेव्हाही मोकळाच, दाढीची लाइन बिघडते ना.