इगतपुरी: जाणे, बसणे आणि न बोलणे

इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातले, घाटमाथ्यावरचे रेल्वेचे गाव आहे. मुंबईहून नाशिककडे निघालेली जवळजवळ प्रत्येक गाडी इथे थांबते, आणि त्यात गाडीच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात सदतीसास एक असा चढ आहे. त्यामुळे कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने लावतात आणि इगतपुरीला ती काढून घेतात. (2023 पासून शिर्डीला जाणारी वंदे भारत कोणाला ढकलायला न लावता घाट चढते, घाटाला ते अजून नीटसे पचलेले दिसत नाही.) हा लोहमार्ग 1865 साली सुरू झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे प्रवाशाचा इगतपुरीशी संबंध इंजिन, चहा आणि वडा इतकाच येत असे. 1976 पासून त्यात गप्प बसण्याची भर पडली. गावाला लागून असलेल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस न बोलता राहण्यासाठी देशविदेशातून माणसे येतात. त्यांत मराठी माणसेही असतात. शिबिराला जातो म्हटल्यावर त्यांच्या घरच्यांना आनंद होतो, पण विश्वास बसत नाही.

जाण्याचा स्वस्त मार्ग लोकलचा. कसारा लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते आणि अडीच-पावणेतीन तासांत कसाऱ्याला टेकते. मौनाच्या पूर्वतयारीला याहून प्रतिकूल जागा शोधून सापडणार नाही. डब्यात बसलेल्या माणसाला कोणी 'कसे आहात' विचारत नाही, 'कुठे उतरणार?' असे विचारतात. आणि 'कसारा' हे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण ती जागा आता शेवटपर्यंत सुटणार नसते. डब्यात भजनी मंडळ टाळ घेऊन बसलेले असेल तर कल्याण येईपर्यंत कोणाच्याही डोक्यात एकही विचार टिकत नाही. निर्विचार अवस्थेचा हा प्रकार ग्रंथांत नोंदवायचा राहून गेला आहे. कल्याणनंतर गर्दी विरळ होते, टिटवाळ्याला गणपतीचे भक्त उतरतात, आसनगावच्या पुढे डोंगर दिसू लागतात, आणि मग मोबाइलची रेंज जा-ये करू लागली की डब्याच्या चारी कोपऱ्यांतून 'हॅलो, आवाज येतोय का?' असा घोष उठतो. कसाऱ्याला लोकल संपते. बोलणे संपत नाही, कारण स्टेशनबाहेर जीपवाले 'नाशिक, नाशिक, नाशिक' म्हणत उभेच असतात, आणि मौनाला निघालेल्या माणसाला भाड्यावरून शेवटची घासाघीस करण्याची संधी तिथे मिळते. ती कोणी सोडत नाही.

लांब पल्ल्याच्या गाड्यांत नावावरून निवड करायची तर सकाळची तपोवन एक्सप्रेस योग्य. गुणावरून करायची तर पंचवटी एक्सप्रेस घ्यावी. या गाडीत नाशिकच्या मासिक पासधारकांनी एका डब्याला 'आदर्श कोच' केले: मोठ्याने बोलायचे नाही, मोबाइल खणखणू द्यायचा नाही, पत्ते कुटायचे नाहीत. या शिस्तीची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्‌समध्ये झाली. रेल्वेच्या डब्यात माणसे आपण होऊन गप्प बसली, ही घटना विक्रमांच्या पुस्तकात जावी, यात देशाचे पुरेसे वर्णन आले. अडचण एवढीच की पंचवटी सकाळी मुंबईकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. शिबिराला दुपारी हजर व्हायचे असते, तेव्हा मुंबईकराच्या वाट्याला ही शांतता येत नाही. नाशिककराच्या येते, आणि तो ते सांगायला विसरत नाही.

रस्त्याने जायचे तर मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कसारा घाटाची वळणे न घेता इथे डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने जाता येते. ज्याला पुढचे दहा दिवस काहीही न करता बसायचे आहे, त्याचा त्यामुळे अर्धा-पाऊण तास वाचतो. त्या वेळेचे तो काय करतो, याचा छडा लागलेला नाही. बहुतेक जण वेळेआधी पोहोचून फोनवर बोलत बसतात.

विपश्यनेची ही साधना ज्या परंपरेतून आली तिच्यात जटाधारी कोणी नव्हते, हे इथे सांगितलेले बरे. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. सरकारी हिशेब तपासता तपासता ते कार्यालयातल्या लोकांना ध्यान शिकवत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांचा जन्म 1924 साली मंडाले इथल्या मारवाडी व्यापारी घराण्यात झाला. अर्धशिशीने बेजार झाल्यामुळे ते 1955 साली ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि 1969 साली ही विद्या घेऊन भारतात आले. म्हणजे एका लेखापालाने ती जपली आणि एका व्यापाऱ्याने ती आणली; तरीही शिबिराला शुल्क नाही. राहणे आणि जेवणही फुकट. दान द्यायचे ते शिबिर पूर्ण केल्यावर, आणि ज्याने शिबिर केलेलेच नाही त्याचे दान घेत नाहीत. 'फुकट आहे म्हणजे काहीतरी असणारच' हा पुणेरी संशय घेऊन आलेले लोक दहा दिवस ते काहीतरी शोधत असतात. महाराष्ट्र शासन आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा देते, त्यामुळे फायलीपुढे अनेक वर्षे मौन बाळगलेले लोकही इथे रीतसर प्रशिक्षणाला येतात.

पहिल्या दुपारी मोबाइल, पुस्तके, वह्या आणि पेने जमा करावी लागतात. मोबाइल देताना माणसे तो दोनदा मागून घेतात: एकदा 'पोहोचलो' हे कळवायला, दुसऱ्यांदा 'आता फोन बंद असेल' हे सांगायला. संध्याकाळी आर्य मौन सुरू होते. त्यात बोलणे तर नाहीच, खाणाखुणा आणि चिठ्ठ्याही नाहीत. शिबिरार्थींनी एकमेकांकडे पाहून भुवयासुद्धा उडवायच्या नाहीत. आचार्यांना साधनेविषयी आणि व्यवस्थापकांना अडीअडचणीविषयी विचारता येते, तेही हळू आवाजात. जिभेने केलेला 'च्च' हा उद्गार मौनभंगात धरावा की नाही, याबद्दल नवख्यांच्या मनात संदेह असतो. मराठीत नकार, हळहळ, कंटाळा आणि 'जाऊ दे' ही चारही कामे हा एकटा आवाज करतो, त्यामुळे त्याच्यावरची बंदी सर्वांत जड जाते.

दिनक्रम असा. पहाटे चारला घंटा; साडेचार ते साडेसहा ध्यान; न्याहारी; आठ ते अकरा ध्यान; जेवण आणि विश्रांती; एक ते पाच ध्यान; चहा; सहा ते सात ध्यान; मग प्रवचन, आणि नऊपर्यंत पुन्हा ध्यान. मधल्या लहान सुट्ट्या धरून बसण्याची बेरीज पावणेअकरा तासांच्या घरात जाते. घरी ज्याला पंगतीला मांडी घालून बसवत नाही तो माणूस इथे पहिल्या दिवशी दोन उशा घेतो, दुसऱ्या दिवशी चार, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या आसनाला दुर्गाचे रूप येते: तट, बुरूज आणि मध्ये तो. चौथ्या दिवसानंतर दिवसातून तीनदा तासभर न हलता बसण्याचा नेम सुरू होतो. त्याचे नाव अधिष्ठान. या तासात गुडघा, कंबर आणि डाव्या पायाचा अंगठा यांची जी ओळख होते, ती कोणत्याही डॉक्टरने करून दिलेली नसते.

शिकवण ध्वनिमुद्रित असते. गोयंका 2013 साली वारले, सूचना मात्र आजही त्यांच्याच खर्जातल्या, सावकाश आवाजात मिळतात: हिंदीत आणि इंग्रजीत, मधूनमधून पाली. मुंबईच्या मराठी माणसाची हिंदी 'आपुन', 'खाली-पिली' आणि 'किधर' या परिसरात वाढलेली असल्याने इतकी निवांत आणि व्याकरणशुद्ध हिंदी त्याला प्रथम परकी वाटते. दोन-तीन दिवसांत सराव होतो, आणि ज्यांचा पालीशी शाळेतही संबंध आला नाही असे लोक मंगलकामनेनंतर 'साधु, साधु, साधु' असे इतरांच्या बरोबरीने, योग्य जागी म्हणू लागतात.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो. नाकपुड्यांपाशी येतो-जातो तेवढाच; त्याला लांब करायचे नाही, मोजायचे नाही आणि मुख्य म्हणजे त्याच्याबरोबर कोणताही शब्द जोडायचा नाही. मराठी माणसाची खरी पंचाईत इथे होते. हरिपाठात, नामजपात किंवा निदान रामरक्षेत वाढलेले मन रिकाम्या श्वासाला धजावत नाही. त्याला विठ्ठल नाहीतर समर्थ कोणीतरी सोबतीला हवे असतात. नाम काढून घेतले की त्या मोकळ्या जागेत जे शिरते ते मात्र आध्यात्मिक नसते. गॅस बंद केला होता का, हा विचार येतो. सोसायटीच्या सभेत तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरीला द्यायला हवे होते ते उत्तर सुचते, आणि अतिशय सुंदर सुचते. सव्वीसचा पाढा पाठ आहे का ते तपासून पाहिले जाते. मावसभावाच्या लग्नात कोणी कोणाला मानपान दिला नाही, याचे संपूर्ण इतिवृत्त वाचून दाखवले जाते. बाहेर इगतपुरीच्या यार्डात इंजिनाची शिट्टी झाली की ही गाडी कुठली, वेळेवर आहे का, आणि हिला कल्याणला थांबा आहे का, अशी चर्चा रंगते. वक्ता एक, श्रोता एक, अध्यक्षही तोच. मौनात बोलणे थांबते असे जे लोक समजतात, त्यांना ही सभा पाहिल्यावर कळते की बाहेर असताना दुसऱ्याला बोलू देण्यासाठी तरी मध्ये थांबावे लागत होते.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की ही बडबड मातृभाषेतच चालते. कार्यालयात आयुष्यभर इंग्रजीत बोललेला अधिकारीसुद्धा आत सेक्रेटरीला झापतो तो मराठीत, आणि झापताना आपल्या आजोळच्या गावाला जातो. शहरात मुरलेले हेल इथे गळून पडतात. ध्यान शिकवणाऱ्या मोबाइल ॲपना आजोळच्या बोलीची ही सोय साधलेली नाही. ते एका ठरलेल्या गोड स्वरात शांत व्हायला सांगतात आणि दुसऱ्या दिवशी 'आज तुम्ही शांत झाला नाहीत' अशी आठवण धाडतात, म्हणजे मनःशांतीचा हप्ता थकल्यासारखे वाटते.

जेवण साधे, शाकाहारी आणि चांगले असते. त्यावर टीका करायला कोणी नसल्यामुळे ते अधिक चांगले लागते. संध्याकाळी पाच वाजता नव्या साधकांना चहा, फळ आणि बहुधा कुरमुरे मिळतात. एरवी कुरमुरे हा भेळेचा कच्चा माल. इथे शंभर माणसे ते मान खाली घालून, एकेक करून खातात, आणि भोजनगृहात फक्त कुरकुर ऐकू येते. ही कुरकुर नियमात बसते.

कोणाचे नाव-गाव ठाऊक नसल्याने शेजाऱ्यांना मनातल्या मनात नावे पडतात: निळी शाल, खोकला, ढेकरवाले काका, दार आपटणारा. त्यांचे स्वभाव, व्यवसाय आणि कौटुंबिक परिस्थितीही ठरवली जाते. दहाव्या दिवशी मंगल मैत्रीची साधना झाली की मौन सुटते आणि हे सर्व संशोधन काही मिनिटांत रद्द होते. प्राध्यापक वाटलेले गृहस्थ 'काय करून रायले भाऊ?' म्हणत येतात. ते अमरावतीचे संत्र्यांचे बागायतदार निघतात. परदेशी वाटलेली उंच व्यक्ती सावंतवाडीची असते. दार आपटणारा तर अत्यंत मृदुभाषी असतो आणि दाराची बिजागरी खराब असल्याचे पटवून देतो. पहिल्या अर्ध्या तासात सगळे एकाच वेळी बोलतात आणि कोणी ऐकत नाही; दहा दिवसांचा साठा असल्याने त्याला इलाज नाही. घसा तासाभरात बसतो.

अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपते आणि परतीची गाडी धरायची घाई होते. इगतपुरी स्टेशनवर वडा खाणारे साधक एकेक घास बत्तीस वेळा चावतात, त्यावरून ते ओळखू येतात. कसाऱ्याला लोकल रिकामी मिळते. खर्डीपर्यंत त्यांना डोंगर दिसतात, आसनगावपर्यंत श्वास दिसतो. टिटवाळ्याला फोन चालू होतो आणि दहा दिवसांचे 'सुप्रभात' एकदम येऊन पडतात. कल्याणला लोंढा आत घुसतो, कोणीतरी पायावर पाय देतो, आणि साधक ती संवेदना तटस्थपणे पाहू लागतो. तेवढ्यात समोरचा माणूस त्याला विचारतो, 'कुठे उतरणार?'

दुसऱ्या शिबिराला येणारा माणूस जुना साधक ठरतो. त्याला बसायला पुढची जागा मिळते, पाचाऐवजी आठ शीले, म्हणजे आचरणाची व्रते, पाळावी लागतात आणि दुपारी बारानंतर खाणे बंद होते. पाच वाजता कुरमुऱ्यांच्या जागी त्याला लिंबूपाणी देतात. पद वाढले की भत्ता घटणारी ही बहुधा एकमेव बढती आहे, तरीही तिच्यासाठी अर्ज येत राहतात. अर्ज बराच आधी करावा लागतो.