पॉटरकर

डोंबिवलीत जोशी, कुलकर्णी, म्हात्रे, पाटील ही आडनावं दारावरच्या पाटीवर असतात. पॉटरकर हे आडनाव पाटीवर नसतं, पण घरात पाऊल टाकताच कळतं. शोकेसमध्ये चांदीच्या गणपतीशेजारी हॅरी पॉटरची सात पुस्तकं उभी असतात, गणपतीच्या जरा पुढेच. पाहुण्यांच्या मुलाने त्यातल्या एखाद्याला हात लावला, तर पॉटरकर तोंडाने "असू दे, असू दे" म्हणतो आणि डोळ्यांनी त्या पोराची रवानगी अझकाबानच्या तुरुंगात करतो.

हा माणूस साधारण १९८९-९०च्या सुमाराचा. हॅरीला अकराव्या वाढदिवसाला जादूच्या शाळेचं पत्र येतं. यानेही त्या वयात पत्राची वाट पाहिली. आला तो सातवीच्या स्कॉलरशिपच्या क्लासचा फीसाठीचा निरोप. पण पुस्तकातल्या इतर गोष्टी त्याला मुळीच परक्या वाटल्या नाहीत. पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म वाचून इंग्रज मुलं म्हणे चकित झाली. ज्याच्या ठाण्याला १०अ आणि कल्याणला १अ नंबरचा प्लॅटफॉर्म आहे, त्याने कशाला चकित व्हावं? आणि भिंतीत धावत शिरायचं म्हणाल, तर सकाळी सव्वाआठला डोंबिवलीच्या फास्ट लोकलच्या दारात दुसरं काय करतात?

वडिलांचा विरोध होता. "चेटकिणी-बिटकिणी वाचून कुणाचं पोट भरलंय?" असं ते ज्या कपाटाला टेकून म्हणत, त्यात चांदोबाचे बांधून घेतलेले अंक होते. मराठी चांदोबा १९५२पासूनचा. त्यातला विक्रम राजा महिन्याच्या महिन्याला तेच प्रेत त्याच झाडावरून उतरवून खांद्यावर टाकी आणि ते पुन्हा झाडावर जाई. हे वर्षानुवर्षं चाललं, तरी वडिलांना काही खटकलं नाही. त्यांच्याही वडिलांनी नाथमाधवांचं 'वीरधवल' दिवसभर हातातून खाली ठेवलं नव्हतं. रोग घराण्यातलाच, झाडू तेवढा विलायती.

आजी मात्र सामील झाली. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने पॉटर मराठीत आणला, तेव्हा नातवाने तिला 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचायला दिलं. तिने ते जपमाळ बाजूला ठेवून संपवलं, पुढचेही भाग मागून घेतले आणि शेवटी निकाल दिला: "मुख्याध्यापक एवढे मोठे, दाढी पोटापर्यंत. पण दरवर्षी एका पोराच्या जिवावर बेततं, आणि शाळा एक पालकसभा घेत नाही?" पॉटरकराने डंबलडोरची बाजू तासभर मांडली. आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिला ती पटली नाही.

पाचवा भाग २००३मध्ये आला, ७६६ पानांचा. तेवढे पैसे घरातून सुटणं शक्य नव्हतं, म्हणून फोर्टातल्या फुटपाथवरून चोरटी प्रत आली. तिच्यात एक फर्मा दोनदा शिवलेला आणि पुढचा गायब. त्या सोळा पानांची गोष्ट पॉटरकराने स्वतः रचली आणि वर्गात सांगितलीसुद्धा. पुढे पै फ्रेंड्स लायब्ररीतून खरी प्रत मिळाली. ती सोळा पानं वाचून त्याचं मत पडलं, की लेखिका इथे जरा कमी पडली. ते मत त्याने आजतागायत बदललेलं नाही.

मग आला सहावा. १६ जुलै २००५ला पुस्तक बाजारात, आणि बरोबर दहा दिवसांनी २६ जुलै. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या जागच्या जागी थांबल्या, कल्याणच्या सखल भागात घरंच्या घरं पाण्यात गेली. त्या दिवसाची प्रत्येकाची एक गोष्ट असते, तशी पॉटरकराचीही आहे. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला सहावा भाग डोक्यावर धरून तो रुळांवरून चालत घरी आला. दप्तर भिजलं, वह्या गेल्या, पुस्तकाच्या कडेला थेंब नाही. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो दिव्याहून निघाला होता. पुढे तो मुंब्र्याहून निघू लागला. गेल्या गणपतीत तो ठाण्याहून निघून पारसिकच्या बोगद्यातून गेल्याचं कळलं. अजून काही वर्षांत तो कुर्ल्याला पोहोचेल. पुस्तक मात्र प्रत्येक वेळी कोरडंच राहतं, याचं मला कौतुक आहे.

सातव्याच्या वेळी, २१ जुलै २००७ला, लंडनच्या मध्यरात्रीचा मुहूर्त म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. एरवी फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेसाठीही ज्याला तीन हाका माराव्या लागत, तो गजर होण्याआधी अंघोळ करून तयार. दुपारपासून खोलीचं दार बंद. भारनियमनात दिवे गेले तेव्हा आतून "ल्युमॉस!" अशी आरोळी आली. दिवे आले नाहीत. आईने मेणबत्ती नेऊन दिली.

त्यानंतर त्याच्या लेखी साहित्य संपलं. २०१६मध्ये त्याच मंडळींचं पुढचं एक नाटक पुस्तकरूपाने आलं, पण त्याचं नाव त्याच्या घरात काढायचं नाही. सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात फुकट लावलं तरी हा नाट्यप्रेमी डोंबिवलीकर तिकडे फिरकणार नाही. नवं काही वाचायचं नसल्यामुळे तो जुनंच वाचतो. दर श्रावणात सातही भागांचं पारायण, इंग्लंडच्या आवृत्तीची पानं ३४०७. एवढी जाड पुस्तकं दांडीला लोंबकळत वाचता येत नाहीत, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकूनही नाही. म्हणून श्रावणापुरता हा कल्याणपर्यंतचा पास काढतो, डोंबिवलीहून उलटा कल्याणला जातो आणि तिथून खिडकी पकडून येतो. बसून जाण्यासाठी रिटर्न मारणारे पुष्कळ आहेत. व्होल्डेमॉर्टसाठी मारणारा हा एकटा.

त्याचा खरा शत्रू व्होल्डेमॉर्ट नाहीच. शत्रू म्हणजे "मी सिनेमे सगळे पाहिलेत" असं सांगणारा. त्याला तो हळूच विचारतो, "मग पीव्ह्ज कसा वाटला?" पीव्ह्ज हे शाळेतलं उपद्व्यापी भूत सिनेमात आलेलंच नाही. समोरचा "छान होता की" म्हणाला, की पॉटरकराचा दिवस सार्थकी लागतो. तसा तो स्वतः सिनेमा येईपर्यंत हर्मायनीला 'हर्मिऑन' म्हणत होता, पण हे त्याचे शाळासोबतीच जाणतात.

ठाण्याचा पॉटरकर याहून वेगळा. तो घोडबंदर रोडला राहतो, जिम केच्या चित्रांच्या महागड्या आवृत्त्या बाळगतो आणि त्या उघडत नाही. कल्याणचा जरा तुसडा; ज्या गावात सार्वजनिक वाचनालय १८६४पासून आहे, तिथल्या माणसाला डोंबिवलीकराने वाचनाबद्दल काही सांगू नये, असं त्याचं म्हणणं. तिघे एकत्र आले की हॅरीच्या शाळेतला स्नेप मास्तर चांगला की वाईट यावरून जे जुंपतं, त्यापुढे सोसायटीची वार्षिक सभा शांत म्हणायची.

लग्नाच्या वेळी घरच्यांनी पत्रिका पाहिली, याने फक्त एक प्रश्न ठरवून ठेवला होता. टिळकनगरात कांदेपोहे झाले, दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं, आणि याने पॉटरचा विषय काढला. मुलगी म्हणाली, "सहावा भाग अर्धा झालाय. पुढचं सांगू नका हं!" पॉटरकराने तिथल्या तिथे होकार दिला. सहाव्याच्या शेवटी डंबलडोर मरतो. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत सहा महिने हे गुपित त्याने पोटात ठेवलं. हळदीला एक मित्र बोलता बोलता "डंबलडोर गेल्यावर..." एवढं म्हणाला, तर याने अख्खा गुलाबजाम त्याच्या तोंडात कोंबला. आपल्या हातून आयुष्यात घडलेलं सर्वांत निःस्वार्थी काम कोणतं, असं विचारलंत तर तो आजही हेच सांगेल.

परवा वहिनींनी चहा देता देता मला खरी हकिकत सांगितली. त्या पोह्यांच्या आधीच लेडीज डब्यात शेजारच्या बाईने हातातलं पुस्तक पाहून विचारलं होतं, "म्हातारा मरतो तिथवर आलीस का गं?" ठाणं यायच्या आत स्नेपचंही कळलं होतं. मग गॅलरीत सांगू नका असं का म्हणालात, असं मी विचारलं.

"अहो, पाऊण तास एकटेच बोलत होते," वहिनी म्हणाल्या. "थांबवणार कसं?"