गल्ल्यावरचा माणूस

चालत नसलेल्या हॉटेलाचा मालक लांबूनही ओळखू येतो. चालत्या हॉटेलातल्या मालकाचं लक्ष आत असतं, वाढप्यावर, टेबलांवर, भट्टीवर. न चालणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. एखादी मोटारसायकल वेग कमी करते, तसा तो खुर्चीत जरा सावरून बसतो, गल्ल्यावरची उदबत्ती उगाच सरळ करतो. मोटारसायकलवाला एक पाय टेकतो, खिशातून फोन काढतो, बोलतो आणि निघून जातो. मालक पुन्हा सैल पडतो. हे मी मांजरसुंब्याच्या चौकात पाहिलं आहे, केजच्या रस्त्याला पाहिलं आहे, आणि अलीकडे रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर पाहतो ते थेट अमेरिकेतल्या गावांत. तिथे मोटारसायकलच्या जागी मोटार असते आणि उदबत्तीच्या जागी मेणबत्ती. सावरून बसणं मात्र तेच.

हा नाद मला गॉर्डन रॅमसे नावाच्या माणसानं लावला. मूळचा स्कॉटलंडचा. फुटबॉलपटू व्हायचं होतं, गुडघ्यानं दगा दिला म्हणून स्वयंपाकघरात शिरला, आणि २००१ साली त्याच्या लंडनच्या रेस्टॉरंटला तीन मिशेलिन तारे मिळाले. ‘किचन नाइटमेअर्स’ या त्याच्या कार्यक्रमाचा अवतार आधी २००४ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर झाला, मग २००७ मध्ये अमेरिकेत फॉक्सवर. साचा ठरलेला. बुडायला आलेलं रेस्टॉरंट असतं, कर्जात गळ्यापर्यंत गेलेला मालक असतो, कोपऱ्यात डोळे पुसणारी बायको किंवा मुलगी असते. रॅमसे येतो, जेवायला बसतो, एक घास घेऊन तोंड वाकडं करतो. मग शीतपेटी उघडून आतली बुरशी कॅमेऱ्याला दाखवतो आणि मालकाला असं काही बोलतो, की वाहिनीला त्यावर टीं-टीं आवाज टाकावा लागतो. त्याच्या कित्येक वाक्यांत कापड कमी आणि ठिगळंच जास्त. पुढे भिंतींना रंग, नवी पदार्थयादी, गावाला आमंत्रण, मालकाला मिठी. आठवड्याभरात उद्धार उरकतो.

पहिल्याच भागात तो यॉर्कशरमधल्या सिल्सडेन नावाच्या छोट्या गावी गेला होता. तिथल्या तरुण आचाऱ्यानं त्याला शिंपल्यातल्या जिवाचा एक उंची पदार्थ करून वाढला. तो नासलेला निघाला आणि रॅमसेला मागच्या बाजूला धावत जाऊन ओकावं लागलं. मग त्यानं त्या पोराला सांगितलं, साधं ऑम्लेट कर. ते काही त्याला जमलं नाही. आमच्या एसटी स्टँडबाहेरच्या गाड्यावरची पोरं एका हातानं अंडं फोडतात, दुसऱ्या हातानं सुट्टे पैसे मोजतात आणि तोंडानं गेवराईच्या गाडीची चौकशी करणाऱ्याला उत्तर देतात. त्यांना हे दाखवलं तर ती खो खो हसतील. मला हसू आलं नाही. त्या पोराला कुणीतरी फार मोठी टोपी घालून दिली होती, ती सारखी डोळ्यांवर येत होती आणि सारं जग ते बघत होतं.

या कार्यक्रमातले सगळे मालक एक वाक्य बोलतात. बोलण्याची ढब निराळी, भाषा निराळी, पण मथितार्थ एकच, की आमच्या जेवणात काही खोट नाही. गिऱ्हाईक येत नाही, बँक दारात उभी आहे, आचारी पळून गेला आहे, पण जेवणात खोट नाही. २०१३च्या मे महिन्यात दाखवलेला ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलचा भाग या बाबतीत शिरोमणी म्हणावा असा आहे. ‘एमीज बेकिंग कंपनी’ हे नवरा-बायकोचं रेस्टॉरंट. वाढणाऱ्या पोरींना मिळालेली बक्षिशी मालक स्वतःच्या खिशात घालायचा, ताजी म्हणून पाकिटातली रॅव्हिओली पानात यायची, आणि तक्रार केली की गिऱ्हाईकालाच दार दाखवलं जायचं. त्या बाईंनी रॅमसेला आपल्या तीन मुलांबद्दल सांगितलं. ती मुलं म्हणजे मांजरं होती, आणि त्यांची भाषा आपल्याला बोलता येते असंही त्या म्हणाल्या. रॅमसेनं हात टेकले. उद्धार अर्धवट टाकून तो निघून गेला, असं त्या कार्यक्रमात तोवर कधी घडलं नव्हतं. २०१५ मध्ये ते रेस्टॉरंट बंद झालं. लोकांनी त्या जोडप्याची यथेच्छ टिंगल केली, अजून करतात. मला मात्र राहून राहून वाटतं, की दिवसभर ज्यांच्या हातचं कुणी खात नाही त्यांच्या घरी रात्री निदान तीन जीव तरी ताटलीशी वेळेवर हजर होत असतील, आणि त्यांनी कधी तक्रार केली नसेल.

रॅमसे बीड जिल्ह्यात आला तर काय होईल, याचा विचार करण्यात माझ्या कितीतरी झोपा उडाल्या आहेत. हमरस्त्यावरचा एखादा ढाबा. बाहेर ‘फॅमिली रूमची सोय आहे’ ही पाटी, आत प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या, भिंतीवर वैजनाथाचा आणि योगेश्वरीचा फोटो, शेजारी हार घातलेले मालकाचे वडील. पदार्थांचं कार्ड येतं. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ कापडावर लिहिलं, त्या पासोडीची आठवण यावी असा त्या कार्डाचा विस्तार: पनीर अंगारा, पनीर तुफानी, व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, मंचुरियन कोरडं आणि ओलं. रॅमसे बोट ठेवून एकेक विचारत जाईल. वाढपी पोरगं खांद्यावरचं फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणेल, “ते नाही.” हे? “हे पण संपलं.” मग आहे काय? “शेवभाजी हाय. दाल तडका हाय. अंडाकरी करून देतो.” इथे रॅमसेची पंचाईत होईल. कारण त्याचा अर्धा उपदेश पदार्थ कमी करा, दोन-चारच करा पण ताजे करा, हाच असतो, आणि तो आमच्या ढाब्यानं कधीच अमलात आणलेला आहे. कार्ड निव्वळ वैभवासाठी. आणि ती शेवभाजी, काळ्या मसाल्याची, तेलाचा लाल कड सुटलेली, शेव रश्शात पडून अजून मऊ पडायची आहे अशा घटकेला पुढ्यात आलेली, वर ज्वारीची गरम भाकरी आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. ती खाऊन त्याला ओरडायला काही उरणार नाही. कॅमेरावाल्यांचा दिवस वाया.

ओरडण्याचं म्हणाल तर ती रीत आमच्याकडे मुळात नाहीच. आमच्या लहानपणी तालुक्याच्या स्टँडसमोर एक हॉटेल होतं. काचेच्या कपाटात शेव, बालूशाही, गुडदाणी, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या माशा. गल्ल्यावर जाडजूड आण्णा. त्यांच्या चहाला स्टोच्या रॉकेलचा वास यायचा. वडील तो चहा बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. आण्णा विचारायचे, “कसा झालाय?” वडील म्हणायचे, “फर्मास.” रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की मला सांगायचे, “रॉकेल जरा कमी होतं आज.” पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा तिथंच. मी विचारायचो, दुसऱ्या हॉटेलात कामून जायचं नाही? तर म्हणायचे, आण्णा बघत असतात. आण्णा खरोखरच बघत असायचे. त्यांच्या खुर्चीतून अख्खा स्टँड दिसायचा, आणि कोण कुठे चहा प्यायला हे सारं त्या डोळ्यांत जमा व्हायचं. चव सोडून बाकी सगळ्यासाठी माणसं त्या हॉटेलात जायची. उधारीसाठी जायची, निरोप ठेवायला जायची, शेवटची गाडी चुकली तर बाकड्यावर पडायला जायची. रॅमसेनं ते बाकडं पहिल्याच दिवशी बाहेर काढलं असतं.

चांगलं कसं शिजवावं हे जिल्ह्याला ठाऊक नाही असं कुणी समजू नये. सप्ताहाच्या काल्याला जा. गावोगावच्या घरांतून भाजलेल्या भाकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून येतात, चुलवणावर माणूस बसेल एवढ्या कढईत आमटी उकळत असते आणि एखादा सुकडा आचारी खोऱ्याएवढा डाव घेऊन तिच्याकडे वैद्यानं नाडी बघावी तसा बघत असतो. चाखत नाही, कारण नैवेद्य व्हायचा असतो. नुसत्या वासावर मीठ ठरतं. हजारोंची पंगत उठते आणि एकाच्याही तोंडून नाव ठेवलेलं ऐकू येत नाही. तोच आचारी उद्या हॉटेल काढेल आणि दोन वर्षांत बसेल, हेही तितकंच खरं. फुकट वाढताना त्याचा हात सैल असतो, विकताना आखडतो. गल्ला समोर आला की भल्याभल्यांच्या हाताची चव जाते.

आणि बुडण्याची कारणं शीतपेटीत सापडायला आमच्या बहुतेक हॉटेलांत शीतपेटी असते ती फक्त थंड पेयाच्या कंपनीनं दिलेली. आमचं दुखणं बाहेर असतं. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातली लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली, सामान ट्रकवर चढलं, की जाताना हॉटेलात शेवटची भजी खाल्ली जातात, पोरांना खाऊ बांधून घेतला जातो, त्या दोन दिवसांत आचाऱ्याला घाम पुसायला वेळ नसतो. त्यानंतर पाच-सहा महिने गाव असं रिकामं होतं, की म्हातारी माणसं आणि कुत्री एवढंच गिऱ्हाईक उरतं, आणि दोघांकडेही पैसे नसतात. कधी पाऊसच येत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्याकडे ताट धुवायला लागू नये म्हणून हॉटेलवाले ताटावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर भाजी वाढत. बोट लागलं की कागद सुरकुतायचा आणि रस्सा खालून पळायचा. कुणी काही बोललं नाही. मग रस्ता रुंद झाला. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी होऊन बीडला बाहेरून वळसा घालून गेला, आणि जुन्या रस्त्यावरच्या कितीतरी मालकांना एका सकाळी कळलं, की आपल्या हॉटेलात काही बदललेलं नाही, फक्त जगानं वाट बदलली आहे. यावर कोणता रंग मारणार?

कॅमेऱ्यानं हॉटेल वाचतं, हे आपल्याकडेही पाहून झालं. २०२०च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या मालवीय नगरातल्या ‘बाबा का ढाबा’ या टपरीवरच्या म्हाताऱ्या जोडप्याचे अश्रू एका व्हिडिओत दिसले आणि दुसऱ्या दिवशी तिथे रांग लागली. पुढे पैशांवरून व्हिडिओवाल्याशी वाद, डिसेंबरात नवं झकपक रेस्टॉरंट, फेब्रुवारीत त्याला कुलूप, आणि बाबा परत आपल्या टपरीवर. आमच्या शेजारी, धाराशिव-तुळजापूरकडच्या हॉटेल भाग्यश्रीच्या मालकानं मधला माणूसच काढून टाकला. स्वतःच फोनसमोर उभं राहून ‘नाद करती काय, यावंच लागतंय’ म्हणाला, आणि लोक खरोखरच मटणाच्या थाळीसाठी जिल्हे ओलांडून गेले. तिकडे रॅमसेनं तारलेली बहुतेक रेस्टॉरंटंही पुढे मिटलीच, काही तर थोड्याच महिन्यांत. त्याचा मला राग नाही. वैद्य बोलावला म्हणून दुखणेकरी अमर होत नसतो.

जुन्या रस्त्यावर एक मामा अजून हॉटेल चालवतात. चालवतात म्हणजे उघडतात. परवा त्यांना मी फोनवर रॅमसेचा एक तुकडा दाखवला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण गल्ल्यावरच्या माणसाला काय बोललं जातंय हे कळायला भाषा लागत नाही. रॅमसे हातवारे करत होता, मालक मान खाली घालून उभा होता. मामांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “आल्यापसून शिव्याच द्यायलाय की ओ. कुणी आधी चहा तरी दिला का त्याला?”

मग त्यांनी विचारलं, “पण सर, म्हणतोय काय नेमकं?”

म्हटलं, पदार्थ कमी करा म्हणतोय.

मामांना हे पटलेलं दिसलं. त्यांनी कार्ड पुढे ओढलं, कानावरचं पेन काढलं आणि एकेक नाव खोडायला सुरुवात केली. मंचुरियन गेलं, जयपुरी गेलं, अंगारा गेला. ‘पनीर तुफानी’वर आले आणि पेन थांबलं.

“हे राहू द्या,” ते म्हणाले. “हे मागणारं एक गिऱ्हाईक हाय.”

“कधी येतं?”

“मागल्या दिवाळीला आलतं. पुण्याला असतंय ते पोरगं. येईल की.”