आधी बी.कॉम., मग हेलिकॉप्टर

आमच्या भाच्याला हेलिकॉप्टरचा पायलट व्हायचं आहे. हे कळल्यावर घरात पहिली चर्चा झाली ती, तो पायलट झाला नाही तर पुढे काय, यावर. पायलट कसं व्हायचं हा विषय दुसऱ्या चहाच्या वेळी निघाला आणि तोही भाच्यानेच काढला.

मुलाचा यात फारसा दोष नाही. आम्ही नाशिककर. नाशिक रोडकडे जाताना गांधीनगर लागतं. तिथे २००३ पासून लष्कराचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. आमच्या भागात फोनवर बोलणारा माणूस मध्येच थांबतो, "एक मिनिट, हेलिकॉप्टर जाऊ दे," म्हणतो आणि आवाज गेला की तुटलेल्या वाक्यापासून पुढे बोलायला लागतो. भाच्याला 'चिऊ-काऊ'च्या आधी 'चेतक' आणि 'चीता' ओळखता येत होते. अशा पोराने चार्टर्ड अकाउंटंट व्हावं ही अपेक्षाच चूक होती, पण ती भाऊजींची होती, त्यामुळे कोणी बोललं नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विषयाला हात घातला. ते करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. जन्मभर नोटा छापण्यात गेल्यामुळे पैशाच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला घरात वजन आहे, जरी त्यातली एकही नोट घरी आली नसली तरी. ते म्हणाले, "हेलिकॉप्टर कुठे पळून जात नाही. आधी बी.कॉम. करून ठेव."

'करून ठेव' हा आमच्या घराण्याचा आवडता प्रयोग. टायपिंग करून ठेव, एमएससीआयटी करून ठेव. ठेवलेल्या या गोष्टी पुढे कोणी काढल्याचं आठवत नाही.

भाच्याने शांतपणे सांगितलं, की कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, वय अठरा पूर्ण लागतं आणि हेलिकॉप्टरसाठी दीडशे तासांचं उड्डाण लागतं. भाऊजींनी रात्रभर मोबाइलवर शोध घेतला आणि सकाळी विजयी मुद्रेने जाहीर केलं, की कॉमर्सवाल्यांनाही मुक्त विद्यालयातून फिजिक्स आणि गणित हे दोनच विषय देता येतात. म्हणजे आधी कॉमर्स, मग त्या कॉमर्समुळे हुकलेलं सायन्स, मग हेलिकॉप्टर. पर्यायी योजनेलाच पर्यायी योजना लागते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग वैद्यकीय तपासणीचा विषय आला. आधी वर्ग दोनची, मग वर्ग एकची. त्यात रंगीत ठिपक्यांमधून आकडा ओळखायचा असतो. भाच्याने ते ठिपके मोबाइलवर आणले आणि घरातल्या प्रत्येकाने आपापली दृष्टी तपासून घेतली. भाच्याला सगळे आकडे दिसले. आईला चष्म्याशिवाय दिसले. भाऊजींना मात्र दोन पानांवर नुसतेच ठिपके दिसले आणि त्यांच्या हॉलला तो रंग का लागला, या जुन्या कोड्याचा उलगडा झाला. ताईने त्या दिवशी फार काही बोलून दाखवलं नाही. फक्त भिंतीकडे एकदा बघितलं.

अभ्यासाला तर घर लगेच लागलं. हवामानशास्त्र, दिशादर्शन, हवाई नियम, यंत्राची माहिती. पासाला सत्तर टक्के लागतात हे ऐकून अण्णांच्या मनात पहिल्यांदाच या क्षेत्राबद्दल आदर निर्माण झाला. रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा. त्याचा सराव भाचा घरातच करायचा. आतल्या खोलीतून आवाज यायचा, "किचन, किचन, धिस इज बेडरूम टू, रिक्वेस्ट चहा, ओव्हर." तिकडून आई म्हणायची, "स्टँड बाय." हा शब्द तिला कोणी शिकवला देवाला ठाऊक, पण त्याचा अर्थ तिला नेमका कळला होता. अर्धा तास चहा यायचा नाही.

चालवायचं कसं, हे त्याने मला सोफ्यावर बसवून शिकवलं. उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे ज्या बाजूला झुकवाल त्या बाजूला जायचं. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह, म्हणजे वरखाली. पायांशी पेडल, शेपटीच्या पंख्यासाठी. मी लाटणं आणि छत्री घेऊन तयार झालो. गंमत अशी की यातलं एक हलवलं की उरलेली दोन्ही बिघडतात. कलेक्टिव्ह ओढलं की यंत्र तोंड फिरवतं, ते पायाने सावरलं की बाजूला सरकतं, ते हाताने सावरलं की खाली यायला लागतं. एकत्र कुटुंबात सुनेला साडी घेतली की जे होतं तेच. एका जागी नुसतं तरंगत राहणं, ज्याला ते 'हॉवर' म्हणतात, हेच शिकाऊ माणसाला सगळ्यात जड जातं. सुरुवातीला आख्खं मैदान पुरत नाही.

अण्णांचा खरा प्रश्न वेगळा होता. "इंजिन बंद पडलं तर?"

इथे भाच्याचा चेहरा उजळला. इंजिन बंद पडलं की कलेक्टिव्ह खाली सोडायचं. हेलिकॉप्टर खाली यायला लागतं आणि खालून येणाऱ्या वाऱ्यावरच पंखा फिरत राहतो. जमिनीजवळ आलं की त्या फिरत्या पंख्याची शिल्लक वापरून हलकेच टेकवायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि ते प्रत्येक शिकाऊला पुन्हा पुन्हा करायला लावतात. मग त्याने ज्याँ बुले नावाच्या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. २१ जून १९७२ रोजी हा गृहस्थ 'लामा' हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटरवर गेला. एव्हरेस्ट त्याच्या खाली साडेतीन हजार मीटरवर राहिला असता, इतकं उंच. तिथल्या थंडीत इंजिन विझलं, पुन्हा पेटेना, आणि बुवा तेवढ्या उंचीवरून नुसत्या वाऱ्यावर पंखा फिरवत सुखरूप जमिनीवर उतरले. हाच 'लामा' आपल्याकडे एचएएलने 'चीता' म्हणून बनवला. म्हणजे आमच्या गच्चीवरून घिरट्या घालतो तोच.

अण्णा हे ऐकून गप्प झाले. पर्यायी व्यवस्था यंत्रातच बसवलेली आहे, हे त्यांना मनापासून पटलं. एवढ्यावर थांबायचं तर भाच्याला अवदसा आठवली आणि त्याने हेही सांगितलं, की काही हेलिकॉप्टरांत वरचा सगळा पंखा एका मोठ्या नटावर अडकवलेला असतो, आणि पायलट लोक त्याला 'जीझस नट' म्हणतात, कारण तो निघाला तर पुढचं थेट वरच्याकडे. अण्णांनी चष्मा काढला. "एकच नट? मग डबल का नाही लावत?" छापखान्यात ते प्रत्येक ठिकाणी डबल नट लावून घ्यायचे. त्या दिवसापासून बी.कॉम.चा आग्रह दुप्पट झाला.

नोकरीचं म्हणाल तर मुंबईत जुहूवरून समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं उडतात. त्यासाठी अनुभव लागतो. केदारनाथला यात्रेच्या हंगामात फेऱ्या असतात. त्यासाठी डोंगरातला अनुभव लागतो. अनुभव असलेले बहुतेक पायलट लष्करातून आलेले असतात आणि दीडशे तासवाला नवखा त्यांच्याकडे आशेने बघत बसतो. समुद्रावर उडायचं तर आणखी एक शिक्षण आहे. खोट्या केबिनमध्ये पट्ट्याने बांधून तलावात बुडवतात, वर उलटं करतात आणि मग बाहेर यायला सांगतात. "गोदावरीत पाय बुडवायला घाबरतो हा," आई म्हणाली. पोहणं शिकून ठेव, असं ठरलं. हे एकच 'करून ठेव' मला रास्त वाटलं.

मला स्वतःला विचाराल तर मी या पेशाचं खरं वैभव सिन्नरकडच्या एका सभेत पाहिलं आहे. निवडणुकीचे दिवस. शाळेच्या मैदानावर चुन्याने 'एच' काढलेला, टँकरने पाणी मारलेलं, वारा दिसावा म्हणून कडबा पेटवून धूर केलेला. मंत्री उतरले आणि गर्दीने त्यांच्याकडे पाठ करून हेलिकॉप्टरसोबत सेल्फी काढले. पायलट लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून भेळ खात बसला. मंत्र्यांचं भाषण रंगात आलं, कांद्याच्या भावावरून दिल्लीपर्यंत पोहोचलं, आणि तेवढ्यात पायलटने कागदाचा बोळा खिशात घालून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. अंधार पडायच्या आत परतायचं होतं. स्वीय सहायकाने चिठ्ठी दिली आणि भाषण दोन मिनिटांत आटोपलं. महाराष्ट्रात मंत्र्याचं भाषण थांबवू शकणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खर्चाचा आकडा भाच्याने कागदावर लिहून दिला. अण्णांनी तो उजेडात धरून पाहिला, बहुधा जुन्या सवयीने, वॉटरमार्क आहे का म्हणून. तेवढ्यात आमच्याकडे टू बीएचके येतो. त्यामुळे पर्यायांची यादी लांबत गेली. हेलिकॉप्टर दुरुस्तीचं इंजिनीअरिंग, फ्लाइट डिस्पॅचर, विमानतळावरचा कंट्रोलर, एनडीए. शेवटचा पर्याय भाऊजींच्या बहिणीने फोनवर सुचवला. सिन्नर तालुक्यात तिचा बचत गट आहे आणि 'नमो ड्रोन दीदी' योजनेत गटाला ड्रोन मिळाला आहे. तिने रीतसर प्रशिक्षण घेतलं, प्रमाणपत्र मिळवलं आणि आता गावभर सोयाबीनवर फवारणी करते. "सुट्टीत पाठवून द्या त्याला," आत्या म्हणाली. "हवेतलं काम शिकेल."

भाचा गेला. सध्या तो बांधावर उभा राहून बॅटऱ्या बदलतो, टाकीत औषध भरतो आणि चिखलातून ड्रोन उचलून आणतो. एकदा आत्या पाणी प्यायला वळली तेव्हा त्याने रिमोटकडे हात नेला.

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "लायसन आहे का तुझ्याकडे?"