पायाचा अंगठा आणि दोन स्वतंत्र साक्षीदार

'आपला पिन कोणालाही सांगू नका' असा ठसठशीत फलक भिंतीवर, आणि बरोबर त्याच्याखाली बसलेले साहेब आवाज खाली आणून विचारतात, "आजी, आजोबांचा पिन नाही का माहीत तुम्हाला? मग कशाला हा सगळा व्याप!"

डोंबिवली पूर्वेतल्या एका बँकेतला हा सल्ला. कुठली बँक ते विचारू नका. फलक सगळीकडे तोच असतो आणि साहेबही तेच. आमच्या इमारतीतल्या काकूंना पिन माहीत नाही, हा काकूंचा गुन्हा. नानांनी तो बायकोलाही सांगितला नव्हता, कारण फलकावर तसं लिहिलं होतं आणि केंद्राच्या नोकरीत हयात काढलेला माणूस फलक वाचतो. खातंही एकट्याच्या नावावर. मग झटका आला. वाचा गेली, हात चालेनासे झाले, समजेचंही काही खरं नाही. आता जोड खातं करा म्हणतात. त्यासाठी सही लागते. कोणाची? नानांची.

पेन्शन मात्र चोख येते. हयातीचा दाखला २०१४ पासून घरबसल्या मिळू लागला, पुढे तर नुसता चेहरा दाखवूनही. नोव्हेंबरात नातीनं मोबाइल समोर धरला, नानांनी पापणी मिटली, उघडली, आणि नाना सरकारदरबारी जिवंत ठरले. ऐंशी उलटल्यामुळे मूळ पेन्शनवर वीस टक्के वर. पैसे खात्यात पडतात आणि पडूनच राहतात. पापणी हलवून पैसे जमा होतात, काढता येत नाहीत.

काढण्यासाठी अंगठा आहे. हे आम्ही पदरचं सांगत नाही, नियमच आहे. आजारी पेन्शनरला सही जमत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. हे कळल्यापासून आमच्या इमारतीत दुसरा विषय नाही. डावा की उजवा? उजवी बाजू लुळी, म्हणून सेक्रेटरींचं मत डाव्याला. तळमजल्यावरचे वकील म्हणतात, लुळ्या पायाचाच घ्या, हलणार नाही, ठसा स्वच्छ उठेल. काकूंनी कोमट पाण्यात पाय भिजवला, नख कापलं, वजरीनं टाच घासली (टाचेचा ठसा कोणी मागितला नव्हता, पण पाहुणे यायचे म्हटल्यावर राहवत नाही). ज्या अंगठ्यावर चाळीस वर्षं अख्ख्या लोकलनं पाय दिला, डोंबिवलीच्या पुलावर ज्याची रोज सकाळी चटणी झाली, त्याला म्हातारपणी अखेर मान मिळाला. एकच घोळ आहे. आधारसाठी सरकारनं हाताची दहा बोटं घेतली, दोन्ही डोळे घेतले, चेहरा घेतला. पायाची बोटं तेवढी सोडून दिली. म्हणजे नानांच्या देहाचा जो भाग बँकेला चालतो, नेमकी त्याचीच नोंद कुठे नाही. म्हणून तर साक्षीदार. पहिला साक्षीदार सेक्रेटरी, तो तयार आहे, हातात स्टॅम्प पॅड घेऊन. दुसरा, जबाबदार अधिकारी, काउंटर सोडून येऊ शकत नाही. "पेशंटला इकडे घेऊन या ना." तीन मजले, लिफ्ट नाही. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं बँकांना २०१७ सालीच सांगून झालंय. ते पत्र बहुधा घरपोच झालं नाही.

नॉमिनी आहे की, म्हणाल. आहे, काकूच आहेत. पण त्या नाना गेल्यावर. कायद्याला स्टेशनं दोनच ठाऊक, हयात आणि मयत. नाना म्हणजे ठाकुर्ली सोडून डोंबिवलीच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिलेली गाडी. मुखत्यारपत्र? १८७२चा करार कायदा म्हणतो, देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारी संपली. गरज नाही तोवर चालतं, गरज पडली की रद्दी. पालक नेमायचा १८९०चा कायदा अठराच्या आतल्यांसाठी; नानांना पासष्ट वर्षं उशीर झाला. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात निदान जिल्हा न्यायालयाला रुग्णाच्या मालमत्तेवर व्यवस्थापक नेमता यायचा. २०१७ साली सुधारलेला कायदा आला आणि ती सोय सुधारणेत गेली. नव्या कायद्यात रुग्णाचा प्रतिनिधी आहे, पण उपचारांपुरता. उपचार कोणते ते बघा, बिल कशातून भरायचं ते विचारू नका. उरलं उच्च न्यायालय. तिथे रिट अर्ज करून पालक नेमून घेता येतो; लोक घेतातही. म्हणजे नवऱ्याच्या पेन्शनमधून नवऱ्याचं औषध आणायला बायकोनं वकील लावायचा, आणि वकिलाची फी? ती माहेरून आणायची का? सत्तरी उलटलेली बाई रात्री दोनदा उठून त्या माणसाला कुशीवर वळवते, त्याचं डायपर बदलते, तेव्हा तिचं नातं काय, अधिकार काय, ओळखपत्र कुठाय, असं विचारायला एकही साहेब येत नाही. डायपरचे पैसे मागायला गेली की लगेच सगळ्यांना कायदा आठवतो. पिन माहीत असता तर हेच साहेब तिला एटीएमचा रस्ता दाखवणार होते. लाज वाटायला हवी.

मुलगा न्यू जर्सीहून सांगतो, "आई, इथे अशा माणसाची पेन्शन सांभाळायला सरकारच कोणाला तरी नेमतं, त्याच्याकडून हिशेब मागतं." काकू म्हणाल्या, "हिशेब इथेही मागतात रे. किराणावाला मागतो, आयाबाई मागते."

परवा बँकेतून फोन आला. इतके महिने शिल्लक नुसती वाढतेय, काढणं काही नाही, म्हणून नानांना विशेष ग्राहक केलंय. शनिवारी साहेब स्वतः घरी येणार आहेत, एका चांगल्या विमा योजनेबद्दल बोलायला. तीन मजले आहेत, लिफ्ट नाही, असं काकूंनी सांगून पाहिलं. "काही हरकत नाही मॅडम," साहेब म्हणाले. सेक्रेटरींनी पॅडवर नवी शाई घातली आहे. दाराला आतून कडी कोणी लावायची, तेही ठरलंय.