अकरावा अवतार

विष्णूचे अवतार दहा, हे शेंबडं पोरही सांगेल. अकरावा मात्र फक्त सिंधुदुर्गात होतो, तोही जत्रेच्या मोसमात, मध्यरात्रीच्या सुमाराला. डोक्याला कानटोपी, अंगावर शाल, काखेत घडीची चटई, खिशात खाज्याची पुडी आणि चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. देवळासमोरच्या मांडवात तो पायपेटीच्या बाजूला, गाणाऱ्या नाईकाचा सूर आणि मृदंगाची थाप थेट कानात पडेल अशा बेताने बसतो. आडदशावतार, म्हणजे दशावतारी नाटकाचा पूर्वरंग, सुरू होतो. गणपती येऊन जातो, रिद्धी-सिद्धी नाचून जातात, भटजी आपला गोंधळ घालून जातो आणि काळ्या कपड्यांतला, लाल जिभेचा संकासूर मालवणीत पहिली कोटी करतो. अख्खा मांडव हसतो. हा हसत नाही. शेजाऱ्याकडे झुकून म्हणतो, "पूर्वीसारख्या आता काय एक रवाक नाय." एवढं बोलून पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत तो जागचा हलत नाही. जे राहिलंच नाही ते पाहायला माणूस रात्रभर थंडीत कसा बसतो, हे त्याला विचारायची सोय नाही. उत्तर ऐकायला आणखी एक रात्र जागावी लागेल. हा अवतार स्त्रीरूपातही आढळतो. विष्णूला मोहिनीरूप चालतं, मग याला का नको? त्या रूपात नजर स्त्रीपार्टीच्या निऱ्यांवर असते आणि निकाल अधिक कडक असतो.

ही जात कोकणापुरती नाही. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला 'स्टार ट्रेक' नावाची अंतराळातली मालिका सुरू झाली. तिचे रसिक इतके हट्टी की ती बंद पडणार असं कळताच त्यांनी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरं वर्ष मिळवलं. १९६९मध्ये ती बंद पडली, तरी रसिक उठून गेले नाहीत. पुढे चित्रपट आले, नव्या मालिका आल्या आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य उमटलं, फक्त मालवणीत नव्हे. पहिल्या मालिकेतल्या क्लिंगॉन जमातीची कपाळं सपाट होती. १९७९च्या चित्रपटात तिथे कंगोरे उगवले. कारण साधं होतं. आता रंगभूषेला पैसा होता. रसिकांना ते पटेना. त्यांनी हा प्रश्न पंचवीस वर्षं चघळला. अखेर २००५मध्ये 'एंटरप्राइझ' या मालिकेला दोन भाग खर्चून एका रोगाच्या साथीची गोष्ट रचावी लागली आणि कपाळांचा हिशेब जुळवावा लागला. आपला अकरावा अवतार "ह्या पुराणात खय आसा?" असं विचारतो, तो याच घराण्यातला.

पण दोघांत एक फरक आहे. स्टार ट्रेकचा रसिक भांडतो तेव्हा पुरावा फितीवर असतो. फीत लावली की कपाळ सपाट की कंगोऱ्याचं, ते दिसतं. दशावतारी नाटकाला लिखित संहिताच नाही. त्या रात्रीचं आख्यान ठरतं, पार्ट वाटले जातात, तोंडाला रंग लावता लावता कथा सांगितली जाते आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या जन्माला येतात. दिग्दर्शक नाही, प्रॉम्प्टर नाही, नेपथ्याच्या नावाने एक लाकडी बाकडं. मग कालच्या नाटकाला धरून आजचं नाटक चाललंय की नाही, हे ठरवायचं कोणी? माझं म्हणणं असं की हे काम आपला कुरकुऱ्या करतो. दशावताराची संहिता कागदावर नाही, ती कानटोपीखाली आहे.

बाकड्याचंच घ्या. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, उभा राहिला की डोंगर, आडवा झाला की शेजघर. समजा, एखादा नवखा राजपार्टी वनवासाला निघाला. पत्नीचा निरोप झाला, नाईकाने अरण्याचं पद धरलं आणि त्या घोर अरण्यात आपला राजा दमून सवयीने बाकड्यावर ऐटीत बसला, मांडीवर मांडी, हात तलवारीच्या मुठीवर. मांडवातल्या नव्वद टक्के लोकांना काही खटकत नाही. अकराव्याच्या तोंडून मात्र "च्च्" असा आवाज निघतो. शब्द नाही, टीका नाही, नुसतं "च्च्". पण दशावतारात नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतर ते किती, आठ-दहा हात. तो आवाज राजाच्या कानावर जातो, मांडी खाली येते, पाठ वाकते आणि त्याच बाकड्याचा रस्त्यातला धोंडा होतो. दिग्दर्शनाचं याहून स्वस्त शिक्षण कुठल्या नाट्यशाळेत मिळत नसेल.

यावर पहिला आक्षेप असा की याच्या स्मरणशक्तीचा भरवसा काय? रास्त आहे. त्याचा सुवर्णकाळ नेमका तो दहा-बारा वर्षांचा असताना येऊन गेलेला असतो, हा योगायोग फारच सोयीचा आहे. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांना लोक 'लोकराजा' म्हणत. ते २०२२मध्ये गेले. आज प्रत्येक राजपार्टी त्यांच्याशी ताडला जातो आणि उणा ठरतो. ते स्वतः उमेदीत होते तेव्हा तेही आधीच्या कुणाशी तरी ताडले जात असणार. ब्रिटनच्या 'डॉक्टर हू' मालिकेने १९६६मध्ये नायकाचा नट बदलला, तेव्हा कथेतच नायकाला नवं शरीर दिलं. आत्मा तोच, चेहरा दुसरा. विष्णूच्या देशात ही युक्ती कुणाला नवी वाटायची नाही. तरी आधीचा डॉक्टर बरा होता, हे म्हणणारे तिथेही निघालेच. तेव्हा हा साक्षीदार पक्षपाती आहे, हे कबूल. पण मांडवात तो एकटा नसतो. शेजारचा अकरावा दुसऱ्या कंपनीचा अभिमानी, पलीकडचा तिसऱ्या. एक वालावलकरांची बाजू घेतो, दुसरा पार्सेकरांची, तिसऱ्याला मोचेमाडकरांपलीकडे जग नाही. आणि निरनिराळ्या कंपन्यांचे नामवंत नट एकत्र आणणारा 'संयुक्त दशावतार' लागला, की तिघांची उलटतपासणी एकाच चटईवर होते. एकेकाची आठवण खोटी असेल, पण तिघांच्या भांडणातून उरतं ते बहुधा खरं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असली माणसं कलेला पुढे जाऊ देत नाहीत, असं म्हणतात. ट्रिकसीनचं उदाहरण देतात. धूर, रंगीत दिवे, राक्षसाच्या तोंडून ज्वाळा, आणि तरुण पोरं शिट्ट्या मारतात. हा म्हणतो, "सिनेमाच बघूचो तर थेटरात गेलो असतंय." (२०२५मध्ये सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' आला, दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री झाले, तेव्हा हा थेटरात गेलाही. दोनदा गेला आणि दोन्ही वेळा चुका काढत बाहेर आला.) पण हिशेब मांडून पाहा. पेट्रोमॅक्स आला, गेला. वीज आली, माइक आला. प्रत्येक पाहुण्याला याने उंबऱ्यावर अडवलं, बडबड केली आणि शेवटी आत घेतलं. आज माइक कर्कश्श लागला म्हणून तोच तक्रार करतो, माइक नको असं म्हणत नाही. बाकडं मात्र जागचं हललेलं नाही, संवाद अजून तोंडी आहेत, नाईक अजून पायपेटीशी बसतो. कुरकुरीने बदल थांबत नाही, त्याला फक्त जकात भरावी लागते. जकात भरून जे आत आलं ते टिकलं, आणि जे नुसतंच चकाकत होतं ते पुढच्या जत्रेला दिसलं नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. आता रात्रभराची नाटकं मोबाइलवर चित्रित होतात, यूट्यूबवर मिळतात. मग कानटोपीतल्या संहितेची गरज काय? गरज आहे, कारण फीत एवढंच सांगते की त्या रात्री राजा अरण्यात मांडीवर मांडी टाकून बसला. ते चुकलं, हे फीत सांगत नाही. उलट शंभर पोरं ती पाहतील आणि अरण्यात तसंच बसतील. फितीला "च्च्" करता येत नाही.

पहाट होते. राक्षस पडतो, हंडी फुटते, काल्याचा प्रसाद हातावर येतो. अकरावा चटई गुंडाळतो आणि शेवटचा निकाल देतो, की संकासुरात दम नव्हता, लढाईचा ताल पडला, राजा बरा पण पूर्वीचा नव्हे. मात्र त्याच्या शालीच्या टोकात गुरफटलेलं, दहा-बारा वर्षांचं एक पोर डोळे चोळत उठलेलं असतं. लढाईच्या मृदंगाने त्याची झोप मोडली आणि पुढचं सगळं त्याने तोंड उघडं टाकून पाहिलं. आजोबांचा निकाल त्याच्या कानात शिरलेला नाही. आणखी चाळीस वर्षांनी, डोक्याला कानटोपी घालून, ते याच मांडवात शेजाऱ्याकडे झुकेल आणि पूर्वीचं काही राहिलं नाही म्हणेल. त्यातलं 'पूर्वीचं' म्हणजे आजची ही रात्र.